खडे वेचण्याचा तास

इंद्रजीत वाघमोडे सरांच्या आवाजाला दोनच पट्ट्या होत्या. एक मैदानी आणि दुसरी बंद. मधलं काही त्यांच्याकडं शिल्लकच राहिलं नव्हतं, आणि यात त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. चिकलठाण्याच्या ढगे हायस्कूलच्या मैदानाला एका अंगानं कारखान्याची भिंत. भिंतीमागं दिवसभर पत्रा ठोकण्याचं काम. डोक्यावरून विमानं, कारण विमानतळ हाकेच्या अंतरावर. हाकेच्या म्हणजे सरांच्या हाकेच्या. अशा जागी ‘सावधान’ हा शब्द शेवटच्या रांगेतल्या पोराच्या कानात घालायचा तर तो आधी पत्र्यावरून आणि मग विमानावरून न्यावा लागतो. वर्षानुवर्षं असा वरून नेता नेता घसा इतका तयार झाला होता की सर घरी जेवताना मीठ मागायचे तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई वाटी घेऊन वर यायच्या.

आवाजाच्या बरोबर वर सरांची दुसरी मालमत्ता होती. मिशी. काळीभोर, तेल पाजलेली, दोन्ही टोकं आभाळाकडं. सरांचं बाकीचं शरीर केव्हाच शारीरिक शिक्षणातून निवृत्त झालं होतं. पोट पुढं आलं होतं, गुडघे मागं पडले होते. खात्याची सगळी इज्जत एकट्या मिशीनं सांभाळली होती. तिच्याकडं बघून नवीन आलेली पाचवीतली पोरं आपोआप रांगेत उभी राहायची.

तसं पाहिलं तर पी.टी.च्या सरांना शाळेत काम भरपूर असतं. पाहुण्यांची शाल आणायची, वाढलेले केस धरून पोरं न्हाव्याकडं पाठवायची, गेटवर रिक्षा मागं लावायच्या, प्रार्थनेत शिरलेलं कुत्रं प्रार्थना न थांबवता बाहेर काढायचं. राहून जायचं ते फक्त पी.टी. तिचे तास गणिताचे रामकिसन सर उसने न्यायचे. “सर, तेवढा भूमितीचा पोर्शन राहिलाय,” असं म्हणून नेलेला तास आणि शेजाऱ्यानं नेलेली शिडी, दोन्ही परत येत नसतात.

वर्षातून एकच तास मात्र रामकिसन सर कधी मागत नसत. नववीच्या आरोग्याच्या पुस्तकातला ‘वाढतं वय’ हा धडा. त्या दिवशी शाळेची एक रीत होती. मुलींना हॉलमध्ये नेऊन दार लावायचं, आत मॅडम धडा घेणार. आणि मुलांना इंद्रजीत सरांबरोबर मैदानात पाठवायचं, खडे वेचायला.

ही रीत कुणी सुरू केली ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण पिढ्यान् पिढ्या नववीतली पोरं ओणवी होऊन खडे वेचत आली, आणि कारखान्याच्या भिंतीला लागून पुरुषभर उंचीचा ढीग झाला. सबंध तालुक्यात असं गुळगुळीत मैदान नव्हतं आणि इतकी अडाणी पोरंही नव्हती. माणूस वयात आला की त्याला खडे वेचावे लागतात, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला होता. मोठ्यांनी तो कधी दुरुस्त केला नाही. संसार केलेल्या माणसाला त्यात फारसं चुकीचं दिसतही नाही.

यंदा मात्र हेडमास्तरीणबाई जोहरा मॅडमनी सरांना ऑफिसात बोलावलं.

“बसा, इंद्रजीत सर.”

“उभाच बरा मी, मॅडम.”

“हळू बोला की. बाहेर ऐकू जायलंय.”

“हळूच बोलायलोय!” सर म्हणाले, आणि व्हरांड्यातली कबुतरं उडाली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग एकदम मुद्द्यावर आल्या. “पटसंख्या घटली. एक पद कमी करा म्हणतेत वरून. गणिताचं करता येत नाय, सायन्सचं करता येत नाय.” त्यांची नजर सरांच्या गळ्यातल्या शिट्टीवर येऊन थांबली. “खात्याचे साहेब पुढच्या आठवड्यात येणारेत. आरोग्याचा तास खरंच होतो का ते डोळ्यानं बघणारेत. झाला तर तुमचं पद राहतंय. नाय झाला तर तुम्ही अतिरिक्त. सिल्लोडच्या पलीकडं कुठंतरी जागा रिकामी आहे.”

“होतो की तास! दर वर्षी होतो. एक पोरगं गैरहजर नसतं.”

“खडे नाय वेचायचे या वर्षी. पोरांना धडा शिकवायचा. तुम्ही.”

“मी?” 

“मग काय मी? मर्दांना शरम नसते म्हणतेत लोक. मैं तो इतने साल से देख रही हूँ, सगळ्या स्टाफमध्ये तुमच्याइतकी कुणालाच नाय.”

सर घरी आले ते ‘अतिरिक्त’ हा शब्द डोक्यात घेऊन. घर लांब नव्हतं. मैदानाच्या दुसऱ्या अंगाला जी अपार्टमेंट झाली होती, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच त्यांचा फ्लॅट. त्यांची बायको आशाबाई गॅलरीत बसून मेथी निवडता निवडता नवऱ्याची नोकरी बघायची. बाकीच्या बाया मालिका बघतात तशी. संध्याकाळी वर “आज तुमचा शर्ट मागून बाहेर आलता” असा अभिप्रायही द्यायची.

“अतिरिक्त म्हंजी काय हो?” तिनं विचारलं.

“म्हंजी जादा. ज्याची गरज नाय असा.”

“हात्तिच्या,” आशाबाई म्हणाली, “मग त्यात नवं काय? मला वाटलं काय झालं आता.” पण पुढं मेथी निवडताना तिचा हात जरा थांबत थांबत चालला. सिल्लोडच्या पलीकडं म्हणजे पहाटे एसटी. सरांचे गुडघे तिला ठाऊक होते. रात्री त्यांना तेल तीच चोळायची.

सर पुस्तक घेऊन आरशासमोर उभे राहिले. धड्याचं पहिलं वाक्य वाचायला लागले. ‘पौगंडावस्था’मधलं ‘पौ’ एवढं अक्षर तोंडातून निघालं आणि हात आपोआप शिट्टीकडं गेला. पुन्हा ‘पौ’. पुन्हा शिट्टी. तिसऱ्या खेपेला शिट्टी वाजलीच, आणि खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं सरळ रांगेत उभी राहिली.

गॅलरीतून त्या रांगेकडं बघता बघता सरांना सुचलं. आयुष्यात आपण काय काय मोठ्यानं बोलत आलो? ‘छाती बाहेर, पोट आत!’ हेच वाक्य लग्नाच्या पंगतीत कुणाला म्हणून बघा बरं. मार खाल. पण मैदानात हजार पोरांना म्हटलं तरी कुणी लाजत नाही, कारण ते बोलणं नसतं, ते हुकूम असतो. लाज बोलण्याला असते. हुकमाला नसते. मग धड्याचीच कवायत केली तर?

दुसऱ्या दिवशी नववीतली मुलं मैदानात आली तेव्हा आकाश नावाच्या धिप्पाड पोरानं सवयीनं मूठभर खडे गोळाही केले होते. थोरल्या भावाकडून रीत कळलेली. “सर, जुन्याच ढिगावर टाकू का नवा लावू?”

“ठेव ते खाली! सावधान! आजपासून वाढत्या वयाचे बदल गणतीवर करायचे! मी आकडा देईन, तुम्ही बदल द्यायचा! एक!”

एकला टाचा उचलून “उंची वाढते!”, दोनला गळ्याला हात लावून “आवाज फुटतो!”, तीनला दोन्ही गालांवर बोटं ठेवून “मुरूम येतात, फोडू नयेत!” चारला काखा वर करून “घाम येतो, रोज अंघोळ करावी!” पाचला दोन्ही हातांनी हवेतल्या मिशीला पीळ देऊन “मिशी फुटते!” आणि सहाला पाय आपटून “राग येतो, घरच्यांवर काढू नये!”

पोरं सुरुवातीला हसली. मग रंगात आली. शेवटी तर अशी काही गरजली की पत्रा ठोकणारे कामगार हातोडे खाली ठेवून भिंतीवर चढले. गेटवर एक रिक्षा थांबली, तिच्यामागं दुसरी. अपार्टमेंटच्या गॅलऱ्या तळमजल्यापासून गच्चीपर्यंत भरल्या. जो धडा दार लावून कुजबुजत सांगायचा, तो इंद्रजीत सरांनी जालना रोडपर्यंत पोचवला होता, आणि आपण गुपचूप शिकवतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मैदानात दुसरं कुणी नव्हतं ना!

परिणाम सकाळी भाजीच्या गाड्यावर दिसला. आकाशच्या आईनं सरांना कोथिंबिरीच्या जुडीसकट हात जोडले. “लई उपकार झाले, सर. पण आमच्याकडं सहा नंबर लई वाढलाय, आणि चारचा अजून पत्ताच नाय.”

“होईल, होईल,” सर म्हणाले. “चार जरा उशिरा लागू पडतोय.”

शाळेत रामकिसन सर वाट अडवून उभे. “वाघमोडे, माझं वाटोळं केलं तुम्ही! फळ्यावर ‘क्ष बरोबर तीन’ लिहिलं की अख्खा वर्ग गालाला हात लावायलाय. ‘पाच’ म्हणायची तर मला सोयच नाय राहिली.”

“मग तास परत द्या माझे,” सर म्हणाले. रामकिसन सरांनी पुढचं गणित सहाच्या वरच्या आकड्यांवर घ्यायचं ठरवलं.

दोन-तीन पालक रागानं तक्रार द्यायलाही आले होते. जोहरा मॅडमनी त्यांना बसवून कोरा कागद दिला, पेन दिलं. म्हणाल्या, “काय काय शिकवलं ते तेवढं स्वच्छ अक्षरात लिहा.” पालक कागदाकडं बराच वेळ बघत बसले. एकानं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग पाणी पिऊन सगळे गेले. त्यांनीही आपापल्या काळी खडेच वेचलेले होते.

साहेब आले. कृष्णा मोटे त्यांचं नाव. पस्तिशीचे, बारीक अंगाचे, हनुवटीवर एक टपोरा मुरूम, आणि कागदांची फाईल अशी छातीशी धरलेली की कुणीतरी हिसकावून नेईल. ढिगाजवळ त्यांना खुर्ची मांडली होती.

“ही टेकडी कसली?” साहेबांनी विचारलं.

“आरोग्य शिक्षणाची,” जोहरा मॅडम म्हणाल्या.

गॅलऱ्या सकाळपासून भरल्या होत्या. आशाबाईनं तिसऱ्या मजल्यावर धुणं वाळत घालायला काढलं होतं आणि एकच टॉवेल पुन्हा पुन्हा पिळत होती.

साहेब उठले. मुलांना प्रश्न विचारायचा तर त्यांनीच विचारायचा होता. “मुलांनो,” ते म्हणाले, आणि त्यांचे कान तांबडे झाले. “या वयामध्ये आपल्या… म्हणजे प्रत्येकाच्याच… जे काही असतं… ते होत असताना… तर कसं वाटतं?”

“छान वाटतं, सर!” मुलं म्हणाली.

“छान,” साहेब म्हणाले आणि खाली बसले. “सर, पुढचं तुम्हीच घ्या.”

सरांनी पोट आत घेतलं, जेवढं येतं तेवढं. मिशीवरून हात फिरवला. “सावधान! एक!”

कवायत अशी झाली की सव्वीस जानेवारीला झाली नसेल. टाचा एकदम उठल्या, काखा एकदम वर, पाचच्या पिळाला तर सगळ्या रांगेची कोपरं एका दोरीत. साहेबांच्या तोंडावर सुटकेचं हसू आलं. कुणाशी काही बोलावं न लागता आरोग्याचा तास पार पडला होता. त्यांनी फाईल उघडली, पेन काढलं, आणि शेवटी सगळेच साहेब विचारतात तसं उगीच विचारलं, “कुणाला काही शंका?”

या प्रश्नाला ढगे हायस्कूलमध्ये कुणी कधी उत्तर दिल्याची नोंद नव्हती. पण रांगेच्या टोकाला एक हात वर गेला. अल्तमशचा. वर्गात सगळ्यात बुटका, गाल लोण्यासारखे. त्याचा आवाज पातळ होता म्हणून कवायतीत तो नुसते ओठ हलवायचा. आज त्याला आवाज काढावाच लागला.

“सर, ज्याचं यातलं कायच झालं नाय, त्यानं काय करायचं?”

तो किणकिणता आवाज ऐकून पोरं फसफसली. आकाश म्हणाला, “त्यानं खडे वेचायचे!” मग तर सगळं मैदान लोळायचं बाकी राहिलं.

अल्तमश हटला नाही. मान खाली घालून म्हणाला, “सब लोगां का हो गया, सर. पाच नंबरला मी नुसता हवेला पीळ द्यायलोय.”

सरांचा हात शिट्टीकडं गेला. याला हुकूम नव्हता. एक ते सहात कुठंच बसत नव्हतं.

साहेबांनी मोठ्या मनानं मदत केली. “हे पुस्तकात नसेल, सर. सोडून द्या. विश्राम द्या, मी सही करतो.”

पेन कागदाला टेकलं होतं. ‘विश्राम’ एवढा एकच शब्द म्हटला की पद राहत होतं, सिल्लोडची एसटी टळत होती, मिशी जिथल्या तिथं राहत होती. सरांनी तोंड उघडलं. समोर अल्तमश सावधानमध्ये उभा होता, अंगठे चड्डीच्या शिवणीला लावून, शिकवलं तसा. फक्त त्याची हनुवटी थरथरत होती, आणि ती थांबवायचा हुकूम सरांनी कधी शिकवला नव्हता.

सर त्याच्याजवळ गेले. गुडघे कुरकुरत असताना वाकले आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन, आयुष्यात पहिल्यांदा, हळू बोलले. आता दैव बघा कसं असतं. नेमकी कारखान्याला जेवणाची सुट्टी झाली होती. नेमकं आभाळात एकही विमान नव्हतं. आणि सरांचा हळू आवाज म्हणजे काय ते आपण मिठाच्या वेळी पाहिलंच आहे.

“घाबरू नको रे! माझं बी कायच झालं नव्हतं! कॉलेज सुटलं तरी ओठावर लव नाय! लग्नाला पोरगी बघायला गेलो तवा ही मिशी नव्हती, बहिणीच्या डबीतलं काजळ लावून गेलतो!”

भिंतीवरच्या कामगाराच्या हातातली भाकरी तोंडापाशी थांबली.

“अहो!”

सगळ्यांच्या माना वर गेल्या. तिसऱ्या मजल्यावर आशाबाई कठड्यावरून अर्धी बाहेर आली होती, पिळलेला टॉवेल हातात.

“त्या दिवशी तुमच्या बशीच्या काठाला काळं काळं लागलं होतं, ते काय होतं?”

सर सावधान झाले. “काजळ होतं!”

“आरं देवा! अन् पाहुणे गेल्यावर आईनं मला धपाटा घातला होता, चहा धड गाळता येत नाय म्हणून! इतकी वर्षं मी दोनदा गाळायले हो चहा!”

गॅलऱ्यांतून जे हसू फुटलं ते पार गच्चीपर्यंत गेलं. जोहरा मॅडमनी पदर तोंडात कोंबला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, आणि सगळ्यांत पातळ, सगळ्यांत उंच हसू अल्तमशचं होतं. ते आता कुणाला लपवायचं राहिलं नव्हतं.

“मग खरी कधी आली, सर?” त्यानं विचारलं.

“लग्नानंतर. येते त्येची त्येची. तवर काजळ तेवढं लावू नको, गरम चहानं वघळतंय.”

हसण्याच्या त्या गोंधळात मोटे साहेब हळूच सरांजवळ सरकले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. “सर,” ते कुजबुजले, “आमच्या गावच्या शाळेत या धड्याला आम्हाला झाडं लावायला न्यायचे. लई झाडं झाली हो. पण एक विचारायचं राहिलं. हे तीन नंबर… साधारण किती वयापर्यंत चालतं?”

सरांनी त्यांच्या हनुवटीकडं मायेनं पाहिलं. माणूस गुपित विचारतोय, तर उत्तरही गुपचूप द्यायला हवं, एवढं भान त्यांना होतं. त्यांनी साहेबांच्या कानाशी तोंड नेलं.

“जाईल, साहेब, तुमचं बी जाईल! फक्त फोडू नका!”

“फोडू नयेत!” सगळ्या रांगेनं दोन्ही गालांना बोटं लावून गर्जना केली.

साहेबांनी कागदावर जे काय लिहायचं ते फार वेगानं लिहिलं, कारण त्यांना तिथून फार वेगानं निघायचं होतं. जोहरा मॅडमनी वाचून मान हलवली. पद राहिलं होतं. साहेब फाईल छातीशी धरून गेटकडं निघाले आणि वाटेत जोरात ठेचकाळले. यंदा खडे वेचले गेले नव्हते.

संध्याकाळी सर जिना चढून आले, तेव्हा प्रत्येक मजल्यावर दार उघडं होतं आणि प्रत्येक दारात कुणीतरी सहज उभं होतं. घरात आशाबाई ओट्यापाशी. पाठ फिरवलेली. सरांनी शिट्टी खुंटीला अडकवली, खुर्चीवर बसले. काही बोलावं असं त्यांना वाटलं, पण बोललं की खालच्या बाई येणार.

आशाबाईनं कप-बशी समोर आणून ठेवली. सरांनी चहा बशीत ओतला. चहापत्तीचा अख्खा गाळ त्यात तरंगत होता.

“गाळला नाय का?”

“नाय,” ती समोर बसत म्हणाली. “आता कामून गाळू?”

सरांनी गुमान बशी तोंडाला लावली. मिशीच्या काठाला पत्तीचे चार-पाच काळे कण चिकटले. आशाबाई ते बघत राहिली. ओठ घट्ट मिटून, खांदे हलवत. सरांनी ते कण पुसले नाहीत.